सिकलसेल रुग्णाचं ताट: काय वाढायचं, किती, आणि कुठे हात आवरायचा

रिपोर्टवर हिमोग्लोबिन ७.८ दिसलं की घरच्यांची पहिली धाव लोहाच्या टॉनिककडे असते. सिकलसेलमध्ये, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या या रक्ताच्या आजारात, ती बहुतेक वेळा चुकते. इथे रक्त कमी पडतं ते लोह नसल्यामुळे नव्हे, तर तयार झालेल्या तांबड्या पेशी टिकत नाहीत म्हणून. निरोगी माणसाची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेल रुग्णाची जेमतेम १० ते २० दिवस. आईवडील दोघांकडूनही सिकलसेलचं जनुक आलेल्या (एसएस) रुग्णाचं हिमोग्लोबिन तब्येत चांगली असतानाही साधारण ६ ते ९ च्या दरम्यान असतं. बीट खाऊन किंवा टॉनिक पिऊन ते १२-१३ वर जात नाही. म्हणून हा आकडा वाढवणं हे आहाराचं काम आहे असं धरूच नये.

आहाराला दोन वेगळी कामं जमतात. पहिलं, पेशीतलं पाणी टिकवणं. तांबड्या पेशीत पाणी कमी झालं की आतलं हिमोग्लोबिन दाट होतं. सिकलसेलचं हिमोग्लोबिन थोडंसं जरी दाट झालं तरी त्याच्या साखळ्या बनण्याचा वेग कैक पटींनी वाढतो. मग पेशी विळ्यासारखी वाकडी होते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि कळा सुरू होतात. दुसरं काम कच्चा माल पुरवण्याचं. फुटणाऱ्या पेशींची भरपाई करायला हाडांमधला मगज रात्रंदिवस नव्या पेशी बनवत असतो, हृदयही जास्त रक्त ढकलत असतं. त्यामुळे नुसतं पडून राहिलं तरी शरीर सुमारे १० ते २० टक्के जास्त ऊर्जा खर्चतं.

(जे फक्त वाहक आहेत, म्हणजे ज्यांच्याकडे एकच सदोष जनुक आहे, त्यांना वेगळ्या आहाराची गरज नसते. कडक उन्हात जोराचे श्रम करताना पाणी पीत राहावं, एवढंच. खालचं सगळं आजार असलेल्यांसाठी आहे.)

पायरी १: आधी वही उघडा

ताट बदलण्याआधी काही आकडे हाताशी हवेत. वजन आणि उंची: मुलांची दर महिन्याला, मोठ्यांचं वजन दोन-तीन महिन्यांनी. मुलाच्या नोंदी वाढीच्या तक्त्यावर मांडाव्यात, कारण एका दिवसाच्या वजनापेक्षा रेषा कुठे चालली आहे ते महत्त्वाचं. सिकलसेलच्या मुलांची वाढ आणि वयात येणं बऱ्याचदा वर्ष-दोन वर्षं मागे असतं, ते चालतं. पण रेषा सपाट झाली किंवा खाली वळली तर खाणं कमी पडतंय, नाहीतर आजार बळावतोय.

रक्ताच्या तपासण्यांत रुग्णाचं नेहमीचं हिमोग्लोबिन, फेरिटिन (साठलेलं लोह), ट्रान्स्फेरिन सॅच्युरेशन (लोह वाहून नेणारं प्रथिन किती भरलंय ते), ड जीवनसत्त्व, ब-१२ आणि क्रिॲटिनिन (मूत्रपिंडाचं काम), सोबत लघवीतलं अल्ब्युमिन (मूत्रपिंड बिघडलं की लघवीत उतरणारं प्रथिन). यातलं फेरिटिन कळा असताना किंवा ताप असताना करू नये. शरीरात दाह असला की ते उगाच वाढलेलं दिसतं आणि पुढचे सगळे निर्णय त्या चुकीच्या आकड्यावर होतात.

नेहमीचं हिमोग्लोबिन वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहावं. ८ वर राहणाऱ्या माणसाचं ७.८ ही बातमी नाही. ८ वरून अचानक ५.५ ही आणीबाणी आहे.

पायरी २: पाणी

आहारातल्या सगळ्या गोष्टींपैकी एकच नीट करायची असेल तर ही करावी. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाचा आतला भाग लहानपणापासूनच बिघडू लागतो आणि लघवी घट्ट करून पाणी वाचवण्याची त्याची ताकद जाते. रुग्णाचं शरीर कोरडं पडत असतानाही पाणी वाहून जातच राहतं.

यातून एक फसगत होते. ‘लघवी पिवळी झाली तर पाणी प्या’ हा सगळ्यांना शिकवलेला नियम इथे चालत नाही. पाणी कमी पडलं तरी लघवी पांढरट, पातळ दिसू शकते. उलट पेशी जास्त फुटत असल्या तर भरपूर पाणी पिऊनही ती गडद दिसते. लघवीचा रंग बघून अंदाज बांधण्यापेक्षा पोटात किती गेलं ते मोजावं.

मुलांसाठी हिशेब असा: वजनाच्या पहिल्या १० किलोला दर किलो १०० मिली, पुढच्या १० किलोला दर किलो ५० मिली, त्यापुढच्या प्रत्येक किलोला २० मिली. म्हणजे २० किलोच्या मुलाला दिवसाला १५०० मिली, ३२ किलोच्या मुलाला १७४०. दूध, सूप, पातळ पेय यांत धरलं तरी चालतं. ही खालची मर्यादा आहे. ऊन, खेळ, ताप, प्रवास यांपैकी काही असेल तर दीडपटीपर्यंत जावं. मोठ्यांना एरवी अडीच ते तीन लिटर.

आकडा कागदावर सोपा वाटतो, प्रत्यक्षात शाळेच्या वेळेत घसरतो. २० किलोच्या मुलाचा दिवस असा बसवता येतो: उठल्यावर १५० मिली पाणी, न्याहारीसोबत २०० दूध, शाळेत ६०० ची बाटली, घरी आल्यावर २००, खेळताना १५०, रात्रीच्या जेवणाला १५०, झोपताना १०० आणि रात्री लघवीला उठल्यावर १००. झाले १६५० मिली. बाटलीवर न पुसणाऱ्या पेनने २००-२०० च्या तीन रेघा माराव्यात आणि प्रत्येक रेघेला शाळेची एक वेळ ठरवून द्यावी: पहिली सुट्टी होईपर्यंत पहिली रेघ, डबा खाताना दुसरी, शाळा सुटताना तळ. ‘पाणी पीत जा’ असं सांगितलेलं मूल विसरतं. रेघ दिसली की पितं. वर्गशिक्षकांना दोन गोष्टी लेखी द्याव्यात: बाटली बाकावर ठेवू द्या आणि लघवीला जाऊ द्या. स्वच्छतागृहाला परवानगी मिळत नाही म्हणून पाणीच न पिणारी मुलं पुष्कळ असतात.

सगळ्यात जास्त होणारी चूक संध्याकाळची. मूल अंथरूण ओलं करतं म्हणून सहानंतर पाणी बंद केलं जातं. पण अंथरूण ओलं होतंय ते त्याच बिघडलेल्या मूत्रपिंडामुळे. पाणी तोडलं तर लघवी फारशी थांबत नाही, शरीर मात्र पहाटेपर्यंत कोरडं पडतं. मेणकापड घाला, रात्री एकदा उठवा, पण पाणी तोडू नका.

पाणी फार गार नको, गारठ्याने कळा येण्याचा धोका असतो. दारू पूर्ण टाळलेली बरी. ती लघवीवाटे पाणी काढते आणि माणसाला तहानेची शुद्ध राहत नाही. कडक चहा-कॉफीचे पाच-सहा कप आणि साखरेची फसफसती पेयं पाण्याच्या हिशेबात धरू नयेत.

आणि दुसरी बाजू: हृदयाचा, फुप्फुसातल्या वाढलेल्या दाबाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार जडलेल्या रुग्णाला तीन लिटर जास्त होऊ शकतं. त्यांचा आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा. कुणीही तासाभरात लिटरभर पाणी ढोसू नये. थोडं थोडं, दिवसभर.

जुलाब लागले तर नुसतं पाणी पुरत नाही. तयार जलसंजीवनीची पुडी वापरावी. ती नसेल तर एक लिटर उकळून निवलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा ५ मिलीचा. मिठाचा चमचा वर शीग येईल असा भरू नका. तिथे चूक झाली तर मिश्रण अपाय करतं. प्रत्येक पातळ जुलाबामागे मुलाला दर किलो वजनामागे १० मिली द्यावं.

पायरी ३: ताट जड करा, मोठं नको

या मुलांची भूक लवकर भागते. ताटात पदार्थांचा ढीग वाढला की ती दोन घास खाऊन उठतात. म्हणून आकार तोच ठेवून त्यात ऊर्जा भरायची. चमचाभर (५ मिली) तेल किंवा तूप शिजलेल्या अन्नात मुरवलं की साधारण ४० ते ४५ कॅलरी वाढतात आणि मुलाला कळतही नाही. शेंगदाण्याचं घट्ट लोणी १५ ग्रॅम, सुमारे ९० कॅलरी. दुधात दोन चमचे दूध पावडर. तीन मोठ्या जेवणांपेक्षा तीन लहान जेवणं आणि मध्ये दोन-तीन खाणी हा क्रम चांगला चालतो.

प्रथिनांचं गणित: मूत्रपिंड चांगलं असेल तर मोठ्या माणसाला दर किलो वजनाला १ ते १.२ ग्रॅम धरावं. ५० किलोच्या माणसाला ५० ते ६० ग्रॅम. एका अंड्यात ६, एका कपभर (२४० मिली) दुधात ८, कोरड्या ३० ग्रॅम डाळीत किंवा कडधान्यात सुमारे ७, शिजलेल्या १०० ग्रॅम चिकनमध्ये २७ च्या आसपास. शाकाहारी माणसाचे ५५ ग्रॅम असे जमतात: दोन कप दूध किंवा दही (१६), डाळ-कडधान्य मिळून ९० ग्रॅम (२१), मूठभर दाणे (७-८), उरलेले धान्यातून. डाळीचं पातळ पाणी ही मात्र प्रथिनं नव्हेत. डाळ तळाशी राहते आणि आजारी माणसाला वरचं पाणी मिळतं, असं बऱ्याच घरांत चालतं.

लघवीत अल्ब्युमिन जायला लागलं असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. प्रोटीन पावडर स्वतःच्या मनाने तर नाहीच.

वजन आधीच जास्त असेल तर ‘सिकलसेल आहे, खाऊ द्या’ हे धोरण उलटतं. खुब्याच्या सांध्याला रक्तपुरवठा कमी पडून हाड खचण्याचा धोका या आजारात आहेच, त्यावर वाढीव वजनाचा भार नको. पण वजन कमी करायचं ते सावकाश. लांबलचक उपवास आणि पाण्याशिवायचा उपवास दोन्ही वर्ज्य.

पायरी ४: फॉलिक ॲसिड हो, लोह तपासून

नव्या पेशी बनवायला फोलेट (गोळीतलं त्याचं रूप म्हणजे फॉलिक ॲसिड) लागतं आणि इथे पेशी सतत बनत असतात. हिरव्या पालेभाज्या, डाळी, कडधान्यं, संत्र्यासारखी फळं यांत ते असतं. पण ते पाण्यात विरघळतं, उष्णतेने नासतं. भाजी चिरून मग धुतली, भरपूर पाण्यात उकळली आणि पाणी ओतून दिलं, की बरंचसं गटारात गेलं. आधी धुवा, मग चिरा, कमी पाण्यात झाकून शिजवा. तरीही बहुतेक ठिकाणी रोज १ ते ५ मिलीग्रॅमची गोळी दिली जाते. ती चालू ठेवावी, मात्र मधूनमधून ब-१२ तपासावं, विशेषतः दूध-अंडी-मांस न खाणाऱ्यांचं. फॉलिक ॲसिडमुळे ब-१२ च्या कमतरतेचा रक्तातला पुरावा झाकला जातो आणि नसांचं नुकसान चालूच राहतं. हायड्रॉक्सीयुरिया (कळा कमी करणारं रोजचं औषध) घेणाऱ्यांच्या तांबड्या पेशी औषधामुळेच मोठ्या दिसतात, त्यामुळे पेशींच्या आकारावरून कमतरता ओळखण्याचा मार्गही बंद होतो.

गोळी घेताना वेष्टन वाचावंच. ‘फॉलिक ॲसिड’ मागितलं की कधीकधी लोह आणि फॉलिक ॲसिड एकत्र असलेली गोळी हातात पडते. फेरस सल्फेट, फेरस फ्युमरेट, फेरस ॲस्कॉर्बेट, आयर्न पॉलिमाल्टोज यांपैकी कोणतंही नाव दिसलं तर ती लोहाची गोळी आहे. परत करा, नुसतं फॉलिक ॲसिड मागा.

लोहाची एवढी धास्ती का? पेशी फुटल्या तरी त्यांतलं बरंचसं लोह शरीर पुन्हा वापरतं. आणि रक्त चढवलं की प्रत्येक पिशवीमागे २०० ते २५० मिलीग्रॅम लोह आत येतं. ते बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. यकृतात, हृदयात ते साठत जातं. याउलट जेवणातून एरवी दिवसाला शोषलं जातं ते एक-दोन मिलीग्रॅम. म्हणूनच पालेभाजी, डाळ किंवा मांस ‘लोह असतं’ म्हणून बंद करण्यात अर्थ नाही. त्याने साठा फारसा हलत नाही, पोषण मात्र तुटतं. बंद करायच्या त्या गोळ्या, टॉनिकं आणि लोह घातलेली पावडरी. फेरिटिन खूप वाढलेलं असेल तर जेवणासोबत चहा किंवा दूध घेतल्याने शोषण थोडं कमी होतं, आंबट पदार्थ लोखंडी भांड्यात शिजवू नयेत. इतकं पुरे.

लोह कधीच द्यायचं नाही, असंही नाही. पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या मुली, गरोदर स्त्रिया, कधीच रक्त न चढवलेली लहान मुलं यांच्यात खरी कमतरता सापडते. फेरिटिन आणि ट्रान्स्फेरिन सॅच्युरेशन दोन्ही कमी असतील तर डॉक्टर ठरावीक काळापुरतं लोह देतात. माती, खडू किंवा बर्फ खाण्याची ओढ दिसली तर रागावण्याआधी ही तपासणी करून घ्यावी.

पायरी ५: बाकीच्या पुरवण्या

ड जीवनसत्त्वाची कमतरता या रुग्णांत फार आढळते. रक्तातली पातळी दर मिलीला २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर नुसत्या उन्हावर भागत नाही, औषध लागतं. सोबत दिवसाला १००० मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, म्हणजे तीन कप दूध-दही किंवा तत्सम.

झिंक लघवीवाटे जास्त जातं. ते दिल्याने काही अभ्यासांत वाढ सुधारली, जंतुसंसर्ग कमी झाले. काहींत फरक पडला नाही. वाढ खुंटलेल्या मुलात डॉक्टर देतात. स्वतःहून महिनोन्महिने घेतलं तर तांब्याची कमतरता होऊन रक्तक्षयच वाढतो. क जीवनसत्त्व फळांतून हवं तेवढं. साठलेलं लोह असताना मोठ्या मात्रेच्या गोळ्या मात्र हृदयाला घातक ठरू शकतात.

एल-ग्लुटामिन या अमिनो आम्लाला अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१७ मध्ये पाच वर्षं आणि त्यावरील रुग्णांसाठी मान्यता दिली. मात्रा वजनानुसार दिवसातून दोनदा ५, १० किंवा १५ ग्रॅम, साध्या तापमानाच्या पेयात किंवा मऊ अन्नात मिसळून. ते औषध म्हणून, देखरेखीखाली घ्यायचं. व्यायामशाळेच्या डब्यातलं ग्लुटामिन म्हणजे तेच, असं समजून सुरू करू नये, मूत्रपिंड किंवा यकृत बिघडलेल्यांनी तर मुळीच नाही.

पायरी ६: स्वयंपाकघरातले जंतू

आहाराच्या सल्ल्यात हा भाग बहुधा गळतो, आणि तो गळायला नको. सिकलसेलमध्ये प्लीहा (रक्तातले जंतू गाळणारा पोटातला अवयव) लहानपणीच निकामी होत जाते आणि काही जंतू रक्तातून थेट हाडापर्यंत पोचतात. साल्मोनेला हा त्यातला नेहमीचा. इतरांना ज्याने दोन दिवस पोट बिघडतं त्याने या मुलाला हाडात पू होऊ शकतो. म्हणून अंड्याचा पिवळा बलकही घट्ट होईपर्यंत शिजवायचा. कच्चं अंडं घातलेले पदार्थ नको. चिकन आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअसला शिजलं पाहिजे. थर्मामीटर नसेल तर हाडाजवळ गुलाबीपणा नसावा. दूध उकळून. मोड आलेली कडधान्यं कच्ची न खाता वाफवून. उरलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये आणि खाताना वाफ येईपर्यंत गरम. कच्च्या मांसाची सुरी-पाट वेगळे. शरीरात लोह साठलेल्यांनी कच्चे शिंपले-कालवं टाळावीतच. लोहावर पोसणाऱ्या जंतूंना असं शरीर आयतं सापडतं.

औषधं आणि जेवण

लोह काढणाऱ्या डेफेरासिरॉक्सची विरघळवून घ्यायची गोळी उपाशीपोटी, जेवणाआधी किमान अर्धा तास, पाण्यात किंवा संत्र्या-सफरचंदाच्या रसात. दुधात किंवा सोड्यात नाही. याच औषधाची आवरण असलेली गोळी हलक्या, कमी स्निग्ध खाण्यासोबत चालते. हायड्रॉक्सीयुरियाने मळमळत असेल तर डॉक्टरांना विचारून रात्रीची वेळ घ्यावी.

पित्ताशयात खडे असले की स्निग्ध जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखतं, तेव्हा तळण कमी करावं. पण हे खडे पेशी फुटून तयार झालेल्या बिलिरुबिनचे (पिवळ्या रंगद्रव्याचे) असतात; आयुष्यभर बिनतेलाचं खाल्लं तरी ते टळत नाहीत. मग मुलाची ऊर्जा कशाला तोडायची?

मोठ्या रुग्णांची मधुमेह तपासणी एचबीए१सी वर (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणाऱ्या चाचणीवर) करू नये. पेशी तीन महिने जगतच नाहीत, त्यामुळे आकडा खोटा कमी येतो. उपाशीपोटीची साखर किंवा फ्रुक्टोसामिन (तांबड्या पेशींवर अवलंबून नसलेली साखरेची चाचणी) बघावं.

सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला फक्त आईचं दूध, उकाड्यात जास्त वेळा पाजावं. गर्भधारणेचा विचार असेल तेव्हापासूनच फॉलिक ॲसिड बहुधा ५ मिलीग्रॅम, आणि उलट्या सुरू झाल्या तर ‘होतंच असं’ म्हणून घरी थांबू नये.

कळा सुरू झाल्यावर

काही रुग्णांची भूक कळा येण्याच्या आदल्या दोन-तीन दिवसांतच मंदावते. सलग दोन जेवणं अर्धी टाकली, तर त्याच क्षणी पाणी वाढवावं.

कळांच्या दिवसांत पोटभर जेवणाचा आग्रह सोडा. दर १५-२० मिनिटांनी ५० ते १०० मिली पातळ काहीतरी, दर दोन तासांनी चार घास मऊ. उलटी होत असेल तर पाच मिनिटांनी एक चमचा. आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं उपाशी आणि कोरड्या शरीरावर घेतली तर मूत्रपिंडाला झळ बसते. दोन दिवस नीट खाणं नसेल तर पॅरासिटामॉलची मात्राही डॉक्टरांना विचारून ठरवावी. अफूवर्गीय वेदनाशामकं चालू असली की पोट घट्ट होतं. पहिल्या दिवसापासून मल मऊ करणारं औषध मागून घ्यावं. इसबगोलासारखा चोथा पाण्याशिवाय दिला तर आतडं आणखी तुंबतं.

३८.५ अंश सेल्सिअस (१०१.३ फॅरनहाइट) किंवा जास्त ताप, छातीत दुखणं, धाप, पोट अचानक फुगून मूल पांढरं पडणं, चार-सहा तास पोटात पाणी न ठरणं, यांपैकी काहीही झालं तर घरचे उपाय थांबवून लगेच रुग्णालय गाठावं. तिथे शिरेतून पाणी मोजूनच दिलं जातं, कारण जादा पाणी फुप्फुसात उतरतं. ‘अजून एक बाटली लावा’ असा आग्रह धरू नये.

कळा गेल्या की खरं काम उरतं. चार-पाच दिवसांत गेलेला किलो-दीड किलो आपोआप परत येत नाही. पुढचे दोन आठवडे रोज एक खाणं जास्तीचं ठेवावं, त्यात दूध, अंडं किंवा दाणे असावेत, आणि दर आठवड्याला वजन वहीत लिहावं. दोन आठवड्यांनीही आधीचं वजन आलं नाही, तर पुढच्या तारखेची वाट न बघता ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावं.